निफाडच्या थंडीतला निरफणस

डिसेंबर संपत आला की आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न एकच असतो, 'कुंदेवाडीला किती?' कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला पारा म्हणजे निफाडचा पारा, आणि त्या आकड्यावर घरातल्यांचे चेहरे ठरतात. आकडा घसरला की सासरे खूश, कारण त्यांचा जीव गहू-हरभऱ्यात. नवऱ्याचा जीव द्राक्षात. मण्यांत पाणी भरायच्या दिवसांत कडाका पडला की मण्यांना तडे जातात, म्हणून तो आकडा ऐकून न बोलता मोटारसायकलला किक मारतो. गेल्या थंडीत या घोळात मीही सामील झाले. माझा निरफणस होता.

निरफणस म्हणजे काय, हे निफाडात समजावून सांगावं लागतं. फणसाच्याच कुळातला, पण आकाराने नारळाएवढा, गऱ्यांची भानगड नाही, आठळ्याही नाहीत. मुळांना फुटलेला कोंब काढून त्याचं रोप करायचं. मालवणजवळ माझ्या माहेरी विहिरीमागे जुनं झाड आहे. त्याची कापं तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर खरपूस झाली की मासे नसल्याचं दुःख निम्मं होतं. त्याच झाडाचा एक कोंब बाबांनी पिशवीत लावून मला दिला आणि तो मी एसटीत मांडीवर घेऊन इकडे आले.

कुंडीतल्या निरफणसाचा प्रवास तसा ऐतिहासिक विषय आहे. १७८९ साली कॅप्टन ब्लाय ताहितीहून हजारावर रोपं घेऊन वेस्ट इंडिजकडे निघाला होता. तिथल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जेवू घालायचं, हा मालकांचा हिशेब. जहाजावरची कप्तानाची मोठी खोलीच कुंड्यांना दिलेली. वाटेत खलाशांनी बंड केलं, कप्तानाला होडीत बसवून सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. एसटीतल्या माझ्या शेजारणीने 'ते झाड जरा तिकडं घ्या' एवढंच म्हटलं, यात मी समाधान मानलं.

दोन वर्षं झाड छान वाढलं. हाताच्या पंजासारखी मोठाली, कातरलेली पानं बघायला शेजारच्या बायका यायच्या. मग ती रात्र आली. आभाळ लख्ख, ढगाचं पांघरूण नाही. अशा रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. पहाटे मळ्यात शेकोट्या पेटल्या. सकाळी आकडा आला, पाच. माझी पानं कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखी लोंबत होती. दुपारपर्यंत काळी पडली.

मला पटेचना. पाच अंशांवर पाणी गोठत नाही, मग पान का मरावं? उत्तर न्हाणीघरातल्या फळीवर होतं. खोबरेल तेलाची बाटली थिजून दगड झाली होती. गरम प्रदेशातल्या झाडांच्या पेशींना जे पातळ, स्निग्ध आवरण असतं, तेही असंच बर्फ व्हायच्या कितीतरी आधी घट्ट होतं, मग आतलं बाहेर झिरपतं. फ्रीजमध्ये केळं काळं पडतं ते यामुळेच. गव्हाचं आवरण थंडीत पातळ राहतं. थोडक्यात, सासऱ्यांचं पीक तिळाचं तेल आणि माझं खोबरेल.

इथवर थंडीचा दोष. पुढचा माझा. नवरा पहाटे बागेत ठिबक सुरू करतो, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं आणि जमिनीलगतची हवा जरा उबदार होते. मी तेच केलं. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली, वर ताकद यावी म्हणून दोन मुठी खत. पानं आणखीच मलूल झाली, म्हणून आणखी एक बादली. चौथ्या दिवशी नवऱ्याने कुंडीत बोट खुपसलं आणि माझ्याकडे बघितलं. मुळं गारठली की पाणी ओढतच नाहीत. माती चिंब आणि झाड तहानेलं. बागेतलं पाणी खोल मुरतं, तिथली जमीन आतून उबदार असते. कुंडीला चारही बाजूंनी वारा लागतो. मी आजाऱ्याला गार पाण्यात उभं करून वर बासुंदी पाजत होते.

सासूबाई म्हणाल्या, "वाळलेलं छाटून टाक, म्हणजे फुटंल." द्राक्षवाल्यांच्या घरात कात्री कायम हाताशी. एप्रिलला छाटणी, ऑक्टोबरला छाटणी. कापल्याशिवाय काही फुटतं यावर इथे कुणाचा विश्वास नाही. मी कात्री घेऊन निघालेच होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"गे चेडवा, तेका हात लावू नको. नखान साल खरवडून बघ. हिरवी आसा?"

शेंड्याला साल तपकिरी होती. हातभर खाली पोपटी निघाली आणि चिकाचा पांढरा थेंब आला.

"मगे जितो आसा. आता गप रव."

गप राहणं मला फारसं जमत नाही. खत लागलेली वरची माती काढली, कुंडी विटांवर चढवून खालची भोकं मोकळी केली, घरातल्या चौघांनी मिळून ती पडवीत दक्षिणेच्या भिंतीशी सरकवली. ही भिंत दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. संध्याकाळी चार काठ्यांवर जुनी चादर, सकाळी ऊन आलं की काढायची. पाणी दोन बोटं माती सुकल्यावरच, तेही तांब्याने. बाकी संबंध जानेवारी आणि फेब्रुवारी नुसतं बघणं. रोज बघायचं आणि काही करायचं नाही. मग मी नखाने साल खरवडायचे. एकदा सासूबाईंनी खोडावरचे ओरखडे बघून विचारलं, "मांजर येतंय का गं इकडं?"

होळी झाली. खोबरेल वितळलं. पाडव्याच्या दोन दिवस आधी खोडाच्या बुंध्यापासून वीतभर वर एक हिरवी टोपी दिसली, तिच्याखाली दुसरी. कुठवर मेलंय आणि कुठून जिवंत आहे, हे झाडानेच दाखवलं. तेव्हा कात्री घेतली आणि कोंबांच्या जरा वरून खोड कापलं. चीक भळाभळा वाहिला. माझ्या उंचीचं झाड आता गुडघ्याएवढं आहे.

सध्या पारा चाळिशीकडे निघालाय, कुंदेवाडीचा आकडा कुणी विचारत नाही. काल पडवीत आले तर कुंडीवर सासूबाईंचं जुनं लुगडं, उन्हाच्या बाजूने. मला बघून म्हणाल्या, "ती कापं का काय म्हणतेस, ती कधी मिळायची?"

"चार-पाच वर्षं तरी. तीसुद्धा जमिनीत लावलं तर, आणि कोकणात."

त्यांनी लुगड्याचं टोक विटेखाली दाबलं. "मग कुंडी मोठी आण."