जी५ वरचा घोडा आणि डी५ चा मोह

लातूर, नांदेड, परभणीकडं सुट्टीतल्या शालेय रॅपिड (झटपट) बुद्धिबळ स्पर्धेत खालच्या पटांवर फेरी मारली की हा डाव कुठंतरी मांडलेला असतोच (अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ, × म्हणजे मारणं, आकड्यापुढं तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी). १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५. एफ७ च्या प्याद्यावर उंट आणि घोड्याचा डबल मारा, त्याला आधार एकट्या राजाचा. काळा ४...डी५ खेळतो, ५. ई×डी५. इथवर सगळं ठीक.

आता हात आपसूक घोड्याकडं जातो: ५...घोडा×डी५. प्यादं वसूल झाल्यासारखं वाटतं, पण ६. घोडा×एफ७! हा घोडा वजीर आणि हत्ती दोघांवर असल्यानं राजाला तो मारावाच लागतो. मग ७. वजीर एफ३ शह, शिवाय डी५ वर नजर. राजा घाबरून जी८ ला परतला तर ८. उंट×डी५ शह, वजीर×डी५ ९. वजीर×डी५ शह, उंट ई६ १०. वजीर×ई६ मात. म्हणून ७...राजा ई६. कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र खेळी, राजाला कोपऱ्याकडं नेणारी) विसरा, राजा पटाच्या मध्यात! फ्राइड लिव्हर म्हणतात तो हाच हल्ला. १६०० च्या सुमारास इटलीतला पोलेरिओ हा खेळायचा.

इथं पांढऱ्याचीही घाई नडते. लगेच ८. उंट×डी५ शह दिला तर वजीर×डी५, वजिरांची अदलाबदल, आणि एका प्याद्यापायी अख्खा मोहरा गेलेला. बरोबर खेळी ८. घोडा सी३. डी५ चा घोडा राजापुढं जखडलेला आहे (हलला तर उंटाचा राजाला शह), त्यावर तिसरा मारा वाढवायचा. काळा सी६ चा घोडा बी४ ला आणून आधार देतो आणि सी२ लाही हात घालतो, तेव्हा ९. कॅसलिंग, सी६ १०. डी४. ई-पट्टी उघडली की पंधरा मिनिटांच्या घड्याळात असा राजा सांभाळणं फार अवघड.

काळ्यानं पाचव्या खेळीला घोडा ए५ खेळावा. कडेचा घोडा दिसायला वाईट, पण तो उंटाला हुसकावतो. ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी×सी६, बी×सी६ ८. उंट ई२, एच६ ९. घोडा एफ३, ई४ १०. घोडा ई५, उंट डी६. प्यादं एक कमी, पण पांढऱ्याचा घोडा पळतोय आणि काळ्याचे मोहरे बाहेर येताहेत.

आठव्या खेळीला उंटाऐवजी वजीर एफ३ आला तर सावध. तिथं सी×बी५ मारून उंट खाल्ला की ९. वजीर×ए८, हत्ती फुकट. आधी हत्ती बी८ ला घ्या.