नाव घेतलं, पण दोनदा

सांगलीत काकांचं हळदीचं दुकान आहे. मागच्या वर्षी वेबसाइटच्या नावाचे पैसे भरायचे आमच्याकडून राहिले आणि ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. काकांना ते फार लागलं. तेव्हाच ठरवलं, पुढचं नाव आपल्या स्वतःच्या डिजिटल किल्लीवर, म्हणजे फक्त आपल्याकडे असलेल्या गुप्त आकड्यावर असलं पाहिजे. म्हणून नेमकॉइनकडे वळलो. 2011 मध्ये बिटकॉइनच्याच कोडवरून निघालेली ही साखळी, म्हणजे ब्लॉकचेन: व्यवहारांचे गट (ब्लॉक) एकामागोमाग जोडत जाणारी सामायिक नोंदवही. डॉट-बिटने संपणारी नावं तिच्यावर नोंदवता येतात.

सगळं काम टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत. साखळी उतरवायला रात्र गेली. सकाळी नाव राखून ठेवायची ‘नेम-न्यू’ कमांड दिली, दोन लांबलचक आकडे आले: एक व्यवहाराचा, दुसरा ‘रँड’, म्हणजे नाव झाकून ठेवणारा गुप्त आकडा. मी पाहिले आणि खिडकी बंद केली. तेवढ्यानेच सगळं फिस्कटलं. पुढच्या टप्प्यात नाव उघड करताना तोच रँड द्यावा लागतो, आणि माझ्याकडे तो नव्हता. 0.01 नेमकॉइन (साखळीच्या नाण्याचंही नाव तेच) त्या व्यवहारात अडकून राहिलं. किंमत किरकोळ, पण जिवाला लागलं.

दुसऱ्यांदा दोन्ही आकडे आधी फाइलमध्ये ठेवले, मग पुढे गेलो. आता बारा ब्लॉक थांबायचं, म्हणजे साधारण दोन तास.

“पैसे भरलेस ना? मग थांबायचं कशाला?” काकांनी विचारलं.

“काका, हे बंद पाकिटातल्या टेंडरसारखं आहे. आत्ता साखळीवर नुसतं पाकीट गेलंय, आतलं नाव कुणाला दिसत नाही. लगेच उघडलं, तर ते बघून मधेच दुसरा कुणी तेच नाव घुसवेल. पाकीट साखळीत खोल गेलं, की मग उघडायचं.”

काकांना ते लगेच पटलं. व्यापारी माणूस. भडंगाची पिशवी पुढे सरकवून तेही माझ्याशेजारी बसले.

बारा ब्लॉक झाल्यावर नाव उघड करायच्या ‘नेम-फर्स्टअपडेट’ कमांडला नाव, रँड, व्यवहाराचा आकडा आणि सर्व्हरचा पत्ता दिला. तो व्यवहार ब्लॉकमध्ये गेल्यावर ‘नेम-शो’ने आमचं नाव दाखवलं. साध्या ब्राउझरमध्ये ते आपोआप उघडत नाही, वेगळी सोय लागते; गिऱ्हाइकांसाठी नेहमीचा पत्ता ठेवावाच लागणार आहे.

त्याच उत्तरात मुदतही दिसली. नाव 36,000 ब्लॉक टिकतं, जवळजवळ आठ महिने. त्याआधी ‘नेम-अपडेट’ केलं नाही, तर इथंही ते कुणीही घेऊ शकतं. काकांनी गल्ल्यामागच्या कॅलेंडरवर नोंदणीपासूनच्या सातव्या महिन्याला तांबड्या पेनाने गोल केलाय. वॉलेटची, म्हणजे किल्ली असलेल्या फाइलची, एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन मी त्यांच्या तिजोरीत ठेवली आहे.