तुम्ही विचारलंत म्हणून: सोपं पोटेन्शियल घालून आलेलं उत्तर खरं कसं?

एम.एस्सी.च्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हीलियम अणूतल्या इलेक्ट्रॉनांचं समीकरणसुद्धा नेमकं सुटत नाही, म्हणून आपण सोपं पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉनला जाणवणाऱ्या विद्युत ओढीचं सोपं रूप, गृहीत धरतो. मग ते उत्तर खरं कसं मानायचं?" प्रश्न रास्त आहे, आणि मला फार आवडतो.

हीलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला 79.0 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूच्या जगातलं ऊर्जेचं एकक) लागतात. हा प्रयोगातला आकडा. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात हे विसरलो, तर गणित 108.8 सांगतं. म्हणजे पार चुकलंच. आता ते ढकलणं हिशोबात ठेवा, पण तरंगफलन (इलेक्ट्रॉन कुठे सापडू शकतो हे सांगणारं गणिती फलन) लिहिताना असं समजा की दुसरा इलेक्ट्रॉन धुक्यासारखा पसरून केंद्रकाचा थोडा प्रभार झाकतोय. प्रभार 2 न धरता झेड धरायचा आणि ऊर्जा सर्वांत खाली जाईल असा झेड शोधायचा. फळ्यावर चार-पाच ओळींत 27/16 येतं, म्हणजे साधारण 1.69. दोन्ही इलेक्ट्रॉन काढायची ऊर्जा येते 77.5. कितीही वेळा शिकवलं तरी त्या ओळीपाशी खडू क्षणभर थांबतोच.

उरलेला दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट गेला कुठे? मुख्य कारण असं, की खरे इलेक्ट्रॉन क्षणोक्षणी एकमेकांना चुकवत असतात. धुकं कुणाला चुकवत नाही. 1929 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिलेरास यांनी दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतरच तरंगफलनात घातलं आणि ही तूट जवळजवळ भरून काढली. म्हणून मी म्हणते, सोपं करताना आपण काय सोडलं हे ठाऊक असेल, तर त्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

सोडियमचं उदाहरण तर स्वयंपाकघरातलं. आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. त्याचे अकरा इलेक्ट्रॉन एकेक करून सोडवत बसायची गरज नाही. बाहेरच्या एकाच इलेक्ट्रॉनकडे बघायचं: लांबून त्याला प्रभार 1 दिसतो, कारण आतल्या दहांनी बाकीचा झाकलेला असतो, अगदी केंद्रकाजवळ गेला की पुरा 11 दिसतो. मधला उतार एका घातांकी फलनाने जोडायचा, त्यात एकच स्थिरांक.

हायड्रोजनमध्ये 3एस आणि 3पी (तिसऱ्या कवचातल्या दोन पातळ्या) यांची ऊर्जा जवळपास एकच, 1.51 इलेक्ट्रॉन व्होल्टची. सोडियमचा 3एस मात्र आतल्या धुक्यात खोल बुडी मारतो, म्हणून 5.14 ने बांधला जातो. 3पी तितका आत शिरत नाही, तो 3.04 वर राहतो. फरक 2.10, आणि तोच पिवळा प्रकाश, 589 नॅनोमीटरचा. तो स्थिरांक 5.14 शी जुळवून घ्या आणि मग 3पी काढा. दोन पातळ्या आपोआप वेगळ्या होतात. त्यासाठी काहीही वेगळं घालावं लागत नाही.