सडा, घाटी, खाडी

नकाशात कोकणातला हर्णै ते दिवेआगर हा रस्ता समुद्राला चिकटून गेल्यासारखा दिसतो. सायकलवर टांग टाकली की त्यातली गोम कळते. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या जांभ्या दगडाचं पठार, म्हणजेच सडा, चिरत समुद्राला मिळतात आणि जवळपास प्रत्येकीच्या तोंडाशी एक खाडी. गावं खाली, आगरात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बागांत; रस्ता मात्र वर, सड्यावर. आंजर्ल्याहून केळशीला जायचं तर घाटी चढा, वर जरा वारा खा, परत खाली उतरा. केळशीहून वेळासला निघालात की पुन्हा तेच. "लांब नाय ओ, वायच चढण आहे," असं कुणी सांगितलं की मी आधी पाण्याची बाटली भरून घेतो.

चढावर मी बेलाशक उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो. घाई असणाऱ्याने इकडे सायकल आणूच नये. जानेवारीत सड्यावर वाळलेलं गवत, काजूची झाडं आणि उघडा काळपट जांभा, एवढंच. ऊन चांगलंच लागतं. मग उतार सुरू होतो आणि पुढचं काम नाकाचं. पहिल्या वळणावर कलमांचा मोहोर. आणखी खाली नारळी-पोफळीच्या वाड्यांतली ओल. पाटाचं पाणी नुकतंच सोडलेलं असलं तर हवा एकदम गार होते. आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास आला की ब्रेकवर हात ठेवायचा, वस्ती आली. काचा वर केलेल्या गाडीत यातलं काहीच शिरत नाही.

वेळास, बाणकोट करत वेसवीला आलं की रस्ता संपतो. समोर सावित्री. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथे इतकी रुंद होते की पलीकडचं बागमांडला आळसावल्यासारखं दिसतं. फेरीबोटीत मोटारी, बाइक, टोपल्या घेतलेल्या बायका आणि कोपऱ्यात आपली सायकल. पाय न हलवता पुढे सरकण्याचं सुख काय असतं, ते सड्यावरून आलेल्यालाच ठाऊक. किनाऱ्यावरच्या खाड्यांवर पूल बांधायच्या योजना आहेत. लोकांची सोय होईल, व्हायलाच हवी. माझी विश्रांती तेवढी जाईल.

श्रीवर्धनच्या पुढे शेखाडी, आरावीचा रस्ता मात्र खरोखर पाण्याला लागून जातो. सगळे फोटो तिथलेच असतात. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण अर्ध्या तासात डोळ्यांना त्याची सवय होते. सड्याची होत नाही.

दिवेआगरच्या खानावळीत जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, म्हणून शेखाडीहूनच फोन लावायचा. "किती वाजता पोचाल?" याला सायकलवाल्याकडे उत्तर नसतं. "सायकलने येतोय," म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "बरं, मग भाकऱ्या जरा जास्तच टाकते."