तहाच्या विजयांची नाणी : संग्रहाची प्रगती

रोमन सम्राटांनी रणांगणापेक्षा वाटाघाटींत मिळवलेले विजय ज्या नाण्यांवर मिरवले, तेवढीच नाणी जमवायची असे दोन वर्षांपूर्वी ठरवले होते. त्यातली सर्वांत बोचणारी उणीव या महिन्यात भरून निघाली : पहिल्या फिलिपचे तहाचे नाणे हाती आले.

इ. स. 244 मध्ये तिसरा गॉर्डियन पूर्वेच्या मोहिमेत मरण पावल्यावर सत्तेवर आलेल्या फिलिपने पर्शियाच्या ससानियन घराण्याचा राजा पहिला शापूर याच्याशी तह केला आणि लगेच हे नाणे पाडले. मागील बाजूस हातात फांदी व राजदंड घेतलेली शांतिदेवता उभी असून भोवती ‘पाक्स फुंदाता कुम पेर्सिस’, म्हणजे ‘पर्शियनांशी शांतता प्रस्थापित झाली’, हा मुद्रालेख आहे. नक्श-ए-रुस्तम येथील शापूरचा त्रैभाषिक शिलालेख मात्र सांगतो की फिलिप विनवणी करीत आला आणि त्याने जिवाच्या मोबदल्यात 5 लाख दिनार दिले. एकाच तहाची ही दोन्ही कथने समोरासमोर ठेवता यावीत, याचसाठी मला हे नाणे हवे होते. माझ्या नाण्यावर देवतेचा चेहरा झिजला आहे, पण ‘पेर्सिस’ची सहाही अक्षरे शाबूत आहेत, आणि मला त्यांचेच मोल अधिक वाटते.

ऑगस्टसच्या नाण्याबाबत मात्र पुन्हा सुरुवात करावी लागेल. इ. स. पू. 53 मध्ये कार्हेच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅससने गमावलेली ध्वजचिन्हे पार्थियन (ससानियनांपूर्वी इराणवर राज्य करणारे) राजा चौथा फ्रातेस याने इ. स. पू. 20 मध्ये वाटाघाटींनंतर परत केली. तरीही पुढच्या वर्षी टांकसाळ अधिकारी तुर्पिलियानुस याने पाडलेल्या देनारियसवर (रोमन चांदीच्या नाण्यावर) एक पार्थियन गुडघा टेकून ध्वज पुढे करताना दिसतो. लढाई झालीच नव्हती, पण त्या एका गुडघ्यामुळे रोमन नागरिकाला तो पराभूत शत्रूच वाटला असणार; या मालिकेतले सर्वांत प्रभावी चित्र मी यालाच मानतो. माझा नमुना वजनाला 2.9 ग्रॅम भरला, खरा तर 3.8 च्या आसपास हवा. भिंगाखाली कडेला तांब्याचा लालसर गाभा दिसला, तेव्हा तो चांदीचा मुलामा दिलेला निघाला. विक्रेत्याने तो परत घेतला.

यापुढे अँटोनायनस पायसचे ‘रेक्स क्वादिस दातुस’, म्हणजे ‘क्वादींना (एका जर्मानिक जमातीला) राजा दिला’, हे सेस्टर्शियस, म्हणजे मोठे पितळी नाणे, मिळवायचे आहे. त्यावर राजा गुडघे टेकत नाही, सम्राटासमोर उभा आहे.