आयर्विनला पाणी किती, आणि पोस्ट कुणाच्या?

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत पाणी चढत होतं, मी पुण्यात, आईबाबा कर्नाळ रोडला. ज्यांचं कुणी सांगलीत आहे त्यांना माहितीये की त्या दिवसांत फोन उचलला की पहिला प्रश्न एकच असतो, आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं होतं. मी दिवसभर मोबाईलवर आकडे बघत बसले होते आणि ज्या मोठ्या साइटवर बघत होते तिथं वर दिसायची ती पोस्ट कालची, कारण तिला लाइक जास्त, शेअर जास्त. तासाभरापूर्वीची खरी पोस्ट कुठंतरी खाली पडलेली. मी बाबांना कालचा आकडा आजचा म्हणून सांगितला, एक फूटभर नाही, चांगला चार फुटांचा फरक होता. ते वरच्या मजल्यावर गेले होते म्हणून निभावलं. पण तो फोन मी अजून विसरले नाहीये, आणि आज जे लिहितेय ते सगळं तिथूनच सुरू होतं.

पुराचा आकडा ही अशी गोष्ट आहे की तिला वेळेचा क्रमच लागतो. सगळ्यात नवीन सगळ्यात वर, बाकी काही नको. कोणती पोस्ट लोकांना आवडली याच्याशी नदीचा काय संबंध.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतातले बरेच लोक ट्विटर सोडून मास्टोडॉन नावाच्या तशाच एका जागेवर जायला लागले. सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद केलं गेलं होतं, त्यांच्या प्रोफाइलला १९३६ चा जर्मनीतला तो फोटो होता, गर्दीतले सगळे नाझी सलाम करताहेत आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, तो. त्यावरून चिडून लोक निघाले. मी त्या लाटेत गेले पण माझं कारण वेगळं होतं. कुणीतरी सांगितलं की तिथं टाइमलाइन सरळ वेळेप्रमाणे लागते, मधे कुणी काही हलवत नाही, जाहिरात नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

आणि ते मिळालं, हे आधी सांगते, कारण पुढं तक्रारी बऱ्याच आहेत. २०२०, २१, २२, २३ असे चार पावसाळे मी तिथं रोज पाणीपातळी टाकली. सकाळी आयर्विनचा आकडा, कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, अलमट्टीतून किती सोडताहेत, कधी कधी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा (तिथं ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका). वाचणारे फार नव्हते, दोनशेच्या आसपास, पण कोण होते ते बघा ना. टोरंटोतली एक मुलगी जिचे आईवडील सांगलीवाडीत, पुण्यातली पाचसहा पोरं ज्यांची घरं दत्तनगर नाहीतर काकानगरला, दुबईतले एक काका. त्यांची सकाळ कधी आणि आपली कधी, पण कुणीही कधीही उघडलं की वर सगळ्यात ताजा आकडा. सेटिंगही हातात होती, एखादा शब्द फिल्टर करा, एखाद्याला काही दिवसांसाठी गप्प करा, एखाद्या माणसाच्या फक्त मराठी पोस्ट दाखव असंही सांगता येतं. इतकं नियंत्रण मला आधी कुठंच मिळालं नव्हतं.

भाषेवरून आठवलं. मास्टोडॉनवर प्रत्येक पोस्टला भाषेची खूण असते आणि ती खूण आपण अॅप ज्या भाषेत वापरतो तीच लागते, आपण बदलली नाही तर. माझं अॅप इंग्रजीत. मधे कितीतरी महिने माझ्या देवनागरीतल्या पोस्ट इंग्रजी म्हणून जात होत्या आणि ज्यांनी माझ्या फक्त मराठी पोस्ट निवडल्या होत्या त्यांना त्या दिसतच नव्हत्या! हे मला कुणी सांगितलं नाही, टोरंटोच्या मुलीनं विचारलं की ताई तू लिहिणं बंद केलंस का, तेव्हा कळलं. आणि युजरनेम देवनागरीत घेता येत नाही, फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, वर दिसणारं नाव मराठीत चालतं पण पत्ता नाही. याचा मला अजूनही राग आहे.

तर मूळ मुद्दा. मास्टोडॉन ही एक साइट नाही, हजारो सर्व्हर आहेत, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले संगणक, आणि ते अॅक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक पद्धतीनं एकमेकांशी बोलतात, ही पद्धत जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत मानक झाली. सॉफ्टवेअर ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या प्रोग्रॅमरनं २०१६ मध्ये सुरू केलं. तुम्ही कुठल्या तरी एका सर्व्हरवर अकाउंट काढता आणि तिथून सगळ्यांशी बोलता. ऐकायला छान, आणि आहेही छान, पण "नियंत्रण तुमच्या हातात" असं लोक सांगतात ना त्यात एक शब्द राहून जातो, की नियंत्रण सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात असतं. तुमच्या खोलीची किल्ली तुमच्याकडं, दिंडी दरवाजाची त्याच्याकडं. तो दरवाजा कधी उघडा ठेवायचा, शेजारच्या कुठल्या वाड्याशी येणंजाणं ठेवायचं, आणि वाडा विकून टाकायचा का, हे सगळं तो ठरवणार.

माझ्या सर्व्हरवर साताठशे लोक होते आणि एकटा माणूस तो चालवत होता. नाव लिहीत नाही. माणूस चांगला होता, हे मनापासून सांगते. नोकरी सांभाळून रात्री बसून स्पॅम काढायचा, भाडं स्वतःच्या खिशातून भरायचा, आम्ही कुणी महिन्याला शंभर रुपये देतो का असं स्वतःहून विचारलंही नाही. मीसुद्धा नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात झालेली गोष्ट सांगते. इचलकरंजीतली माझी एक मैत्रीण पंचगंगेचे आकडे टाकायची, दुसऱ्या सर्व्हरवरून. आम्ही एकमेकींचे आकडे पुढं पाठवायचो, कारण पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, त्यामुळं तिच्याकडचा आकडा शिरोळ, कुरुंदवाडच्या लोकांना फार कामाचा. जुलैत तिच्या पोस्ट यायच्या बंद झाल्या. मला वाटलं बाळंतपण जवळ आलंय, विश्रांती घेत असेल. तिला वाटलं मी काही कारणानं रुसले. दीड महिन्यानं फोनवर बोललो तेव्हा उलगडा झाला की तिच्या सर्व्हरवरून कुणीतरी ढिगानं स्पॅम पाठवत होतं म्हणून आमच्या अॅडमिननं, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यानं, तो सर्व्हरच तोडला होता, त्याच्याशी येणंजाणंच बंद. एका माणसासाठी सगळा सर्व्हर. आमचं फॉलो दोन्ही बाजूंनी कापलं गेलं आणि आम्हाला एक ओळीची सूचना नाही. एका पावसाळ्यात!

आता यावर मला कुणी म्हणेल की मग सर्व्हर तोडायची सोयच नको. तसं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये गॅब नावाच्या, द्वेषाच्या मजकुरासाठी बदनाम झालेल्या साइटनं मास्टोडॉनचंच सॉफ्टवेअर घेतलं, ते मोकळं असल्यामुळं कुणी अडवू शकत नव्हतं, तेव्हा बाकीच्या बहुतेक सर्व्हरनी त्यांच्याशी संबंध तोडले आणि म्हणूनच बाकीची जागा राहण्यासारखी राहिली. दार लावता यायलाच पाहिजे. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की दार लावलं तर आत राहणाऱ्याला सांगा. ही सूचना सॉफ्टवेअरमध्ये आली ती ४.३ आवृत्तीत, ऑक्टोबर २०२४ मध्ये. सॉफ्टवेअर निघाल्यापासून आठ वर्षांनी. तोपर्यंत अशी किती माणसं गुपचूप एकमेकांपासून तुटली असतील, प्रत्येकाला वाटलं असेल समोरचाच गप्प बसलाय.

मग २०२४ च्या सुरुवातीला आमच्या अॅडमिननं कळवलं की मला आता जमत नाही, तीन महिन्यांत सर्व्हर बंद करतोय. असं आधीही झालेलं होतं. मास्टोडॉन डॉट लोल या सर्व्हरवर १२ हजार लोक होते, त्याच्या चालकानं फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद करतोय म्हणून सांगितलं. क्वीर डॉट एएफ या सर्व्हरचं तर अजून वाईट, एएफ हा अफगाणिस्तानचा डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचा शेवटचा भाग, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान सरकारनं तो पत्ताच काढून घेतला. आम्हाला निदान तीन महिने मिळाले. कारण मास्टोडॉनमध्ये फॉलोअर दुसरीकडं न्यायची सोय आहे पण त्यासाठी जुना सर्व्हर जिवंत लागतो, त्यानंच सगळ्यांना कळवायचं असतं की ही बाई आता तिकडं गेली. सर्व्हर अचानक मेला तर कळवणारं कुणीच नाही.

मी नवीन अकाउंट काढलं, दोनशेतले दीडशेच्या वर माझ्यामागं आले. फॉलो केलेल्यांची यादी, ब्लॉकची यादी, सगळं फाइलमधून नेता आलं. आणि पोस्ट? पोस्ट येत नाहीत. एकही नाही. डाउनलोड करता येतात, झिप फाइल मिळते, त्यात शब्द सगळे असतात, तारखा असतात, फोटो असतात, पण ती फाइल नवीन सर्व्हरवर चढवता येत नाही. चार पावसाळ्यांचे आकडे, जुलै २०२१ च्या पुरातले तासातासाचे आकडे, खाली लोकांना मी दिलेली उत्तरं, "सूर्यवंशी प्लॉटात शिरलं का?" ला "शिरलं, गुडघाभर", हे सगळं त्या झिपमध्ये बंद. लोकांनी विचारलेले प्रश्न तर त्यातही नाहीत, ती त्यांची पोस्ट, त्यांच्या सर्व्हरवर. दुसऱ्यांनी जिथं जिथं माझ्या पोस्टची लिंक दिली होती त्या सगळ्या लिंक मेल्या.

हे मला मान्य होत नाही. सोडून जायचं स्वातंत्र्य आहे असं म्हणायचं आणि निघताना सांगायचं की भांडी इथंच राहू द्या, फक्त पाहुण्यांची यादी घेऊन जा.

उलट बाजूनं जे पुसायचं असतं ते पुसलं जात नाही. पोस्ट डिलीट केली की तुमचा सर्व्हर बाकीच्यांना निरोप पाठवतो की हे काढा, ऐकायचं की नाही हे त्यांच्यावर. एकदा मी घाईत एका आजोबांचा घराचा पत्ता टाकला होता, बोट पाठवा म्हणून. नंतर काढला. दोन ठिकाणी तो पुढं कितीतरी महिने दिसत होता. आणि तो खासगी मेसेज करायचा पर्याय, लोक त्यात फोन नंबर देतात, दुखणी सांगतात, पण तो मजकूर सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये उघडाच असतो, चालवणाऱ्यानं ठरवलं तर वाचू शकतो, आणि त्या मेसेजमध्ये तुम्ही तिसऱ्याचं नाव अॅटच्या खुणेसकट लिहिलं तर तो मेसेज त्यालाही जातो. हे माहीत नसताना माणसं तिथं बोलत असतात.

मधल्या काळात आमच्यातले बरेच ब्लूस्काय नावाच्या अशाच दुसऱ्या जागेवर गेले, फेब्रुवारी २०२४ पासून तिथं आमंत्रणाशिवाय जाता यायला लागलं. मीही अकाउंट काढलं. तिथली एक गोष्ट मला मनापासून आवडली, की पोस्ट तुमच्या अकाउंटबरोबर हलू शकतील अशीच रचना पहिल्यापासून केलीये, आणि स्वतःचं डोमेन असलं तर तेच तुमचं नाव. मास्टोडॉनवाल्यांनी हे शिकायला पाहिजे. पण प्रत्यक्षात बहुतेक सगळे लोक त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर बसलेत. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तान सरकारच्या सांगण्यावरून तिथली काही अकाउंट त्या देशात दिसेनाशी केली, कंपनीच्या अॅपमध्ये, दुसऱ्यांनी बनवलेल्या काही अॅपमधून ती दिसत राहिली. म्हणजे रचनेचा उपयोग झाला, पण कंपनीचं अॅप सोडून दुसरं वापरणारे किती असणार. आणि ब्लॉकच्या याद्या, कुणीही यादी बनवतं, हजारो लोक ती एका बटणात लावतात, तुमचं नाव त्यात का आलं हे विचारायचं कुणाला. तिथं कोण कुणाला ब्लॉक करतंय हेही सगळ्यांना बघता येतं, आणि छळाला कंटाळून ब्लॉक करणाऱ्या बाईला ते किती महाग पडतं हे मी एका ओळखीच्या मुलीच्या बाबतीत बघितलंय.

शेवटी आम्ही चौघांनी मिळून एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतलाय. दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येकजण पैसे पाठवतो, मी हिशोब ठेवते. इचलकरंजीची मैत्रीणही त्यात आहे, बाळाला घेऊन बसते आणि आकडे टाकते. आता दिंडीची किल्ली माझ्याकडं आली आणि पहिल्याच महिन्यात एक सर्व्हर तोडायचा की नाही ते ठरवायची वेळ आली, स्पॅमच होता, तसाच. रात्री साडेअकराला मी तो सर्व्हर बघत बसले होते, त्यातली कुणाकुणाची माणसं आमच्या लोकांशी जोडलेली आहेत ते एकेक शोधत. तीन नावं निघाली. तिघांना आधी फोन केला, मग तोडला. दोन तास गेले. तेव्हा त्या जुन्या अॅडमिनची आठवण आली, त्याच्याकडं साताठशे होते. त्याला मी दुसऱ्या दिवशी मेसेज केला, इतक्या वर्षांचे आभार मानायचे राहिलेच होते.

टोरंटोच्या मुलीनं मागच्या आठवड्यात विचारलं की ताई २०२१ ला आमच्या गल्लीत पाणी कधी शिरलं होतं ते तुझ्या पोस्टमध्ये होतं ना, बाबांना आता घराचा जोता वाढवायचाय, किती उंच घ्यायचा ते बघायचंय. लिंक तर नाहीच. म्हणून झिप उघडलीये आणि रोज रात्री एकेक आकडा शीटमध्ये हातानं उतरवतेय, तारीख, वेळ, फूट, आणि बाजूला कुठल्या गल्लीत पाणी होतं ते, आठवेल आणि सापडेल तेवढं. २०२० संपलं. आता २१ च्या जुलैत आलेय, २२ तारीख, संध्याकाळ, पाणी चढतंय.