मळखाऊ

बेळगावच्या खडे बाजारातल्या दुकानात पोरानं गालिचा उलगडला तेव्हा तो विटकरी होता. मी लगेच "हाच" म्हणाले. त्या पोराच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं टोकाला धरून तो उलट दिशेनं फिरवला आणि विटकरीचा एकदम काळपट जांभळा झाला.

"हा दुसरा कुठला काढलास?"

"तोच आहे की अक्का. लव तिकडची इकडं झाली बघा."

लव आपल्या ओळखीचीच. मखमलीच्या परकरावर बोटानं रेघ ओढायची, मग तळहातानं पुसायची, यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत. धाग्यांची टोकं आपल्याकडं झुकली की रंग गडद दिसतो, पलीकडं झुकली की धाग्याच्या अंगावर उजेड पडून फिका. हे ठीक. पण मग रंग निवडायचा कुणाच्या बाजूनं? बाहेरच्या दारातून येणाऱ्याला आमची खोली विटकरी दिसणार आणि स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येणारीला काळपट. आमचे हे म्हणाले, "सारखंच आहे गं." ह्यांना सगळंच सारखं दिसतं, पडद्याच्या वेळीही दिसलं होतं.

दुकानदार तोवर गप्प होते. त्यांनी फक्त विचारलं, "राहायला कुठं?" मला वाटलं घरपोच पाठवण्यासाठी विचारतात. तर म्हणे, खानापूरकडचं गिऱ्हाईक असलं तर मरून, विटकरी, चॉकलेटी दाखवायचे. बैलहोंगल, सौंदत्तीकडचं असलं तर राखाडी आणि काळ्यातले. तिकडं काळी माती, इकडं तांबडी. ज्या मातीचे पाय, त्या रंगाचा गालिचा. "आणि बेळगावचं असलं तर?" "तुमच्याकडं दोन्हीकडचे पाहुणे येतात, अक्का. तुम्ही नक्षीतलाच घ्या."

म्हणजे मळखाऊ घ्या. हा शब्द दुकानात कुणीच उच्चारला नव्हता, पण पहिल्या गालिच्यापासून तो मधे बसलेलाच होता. आमच्या घरात एखादा रंग नुसता आवडला म्हणून आलाय असं मला आठवत नाही. शाळेचं दप्तर, सोफ्याची खोळ, पायपुसणं, भिंतीला कंबरेपर्यंत मारलेला तो गडद ऑइल पेंट, सगळ्यांची निवड एकाच परीक्षेतून झालेली. माझ्या आईचा आवडता रंग कोणता, हे मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. तिला कुठल्या रंगावर तेलाचा डाग दिसत नाही, हे मात्र पाठ होतं. साडी तेवढी सुटली. शहापुरातल्या दुकानात गेली की हीच बाई अबोली, मोतिया असले नाजूक रंग मांडीवर घेऊन बसायची. घ्यायची डाळिंबीच, ते वेगळं.

नक्षीचंही तेच. मधोमध मोठं कमळ, चहूबाजूंनी वेली, अशा गालिच्यापुढं माणसं हरखतात, कमळाचे पैसे मोजतात, घरी नेतात आणि बरोब्बर कमळावर टीपॉय ठेवतात. माझी तक्रार निराळी आहे. गालिच्याची किनार फरशीच्या सांध्याला समांतर नसली तर मला त्या खोलीत बोलणं सुचत नाही. लोकांच्या घरीसुद्धा मी पायाच्या अंगठ्यानं कोपरा सरकवत असते. बोलणं चालू ठेवून, अर्थात.

याचं मूळ पारायणात असावं. मामाच्या गावी विठ्ठलाच्या देवळात ज्ञानेश्वरी पारायणाला निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा जमखाना पसरायचे, इतका लांब की एका टोकाला वीणा आणि दुसऱ्या टोकाला चपला. कोपऱ्यात देणगी देणाऱ्याचं नाव. आम्हा पोरांचा नियम: तांबडी पट्टी जमीन, निळी पट्टी पाणी. वाचन चालू असताना निळ्यात पाय पडला की आपण मेलो. त्यामुळं पाणी प्यायला उठलेलं प्रत्येक पोर लंगडी घातल्यासारखं जायचं आणि मामी लांबून डोळे वटारायच्या. तासभर मांडी घातली की पोटऱ्यांवर विणीचे वळ उठायचे, आणि कुणाचे जास्त उठले हे रात्री कंदिलापुढं तपासलं जायचं. सकाळी दोन गडी चार टोकं धरून जमखाना झटकायचे. त्या धुळीत एकदा माझी कानातली रिंग सापडली होती. दुसरी नाही सापडली.

धारवाडच्या पुढं नवलगुंदला असे जमखाने अजून हातमागावर विणतात, बायकाच विणतात. सुती, भडक पिवळे, लाल, हिरवे. वर मोर, आणि काहींवर तर सोंगट्यांचा पट विणलेला. त्यांना आता जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. ही विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून पूर्वी लेकींनासुद्धा शिकवत नसत म्हणे. लेक परक्या घरी गेली तरी चालेल, मोर जायला नको. माझा जीव खरं तर असल्या पिवळ्यावरच होता. पण पिवळ्यावर हळदसुद्धा दिसते, असं सासूबाई म्हणाल्या, आणि हे मला अजूनही नीट कळलेलं नाही.

शिवाय आपल्याकडं गालिच्याची नोकरी पूर्ण वर्षाची नसते. मिरगाच्या आधी त्याची गुंडाळी करून डांबरगोळ्या घालून कपाटावर टाकायची. खाली राहिला तर ओल धरतो आणि दिवाळीपर्यंत घरात ओल्या मेंढरासारखा वास. दसऱ्याला उन्हात घालून मग पुन्हा अंथरायचा. म्हणजे चार-पाच महिने तो जो रंग दाखवायचा तो कपाटाच्या वरच्या धुळीलाच दाखवतो.

शेवटी घेतला. मरून, बारीक वेलींचा, कमळ नसलेला. सगळ्यांनी तो दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला, चप्पल काढून उभं राहून पाहिला. घरी आणला, मी किनार फरशीला लावून घेतली. संध्याकाळी बघते तर सासूबाईंनी वर जुनी सोलापुरी चादर घातलेली. "नवा आहे गं, मळेल."

चादर पांढरी आहे.